हातभर अंतर

डॉक्टरांनी आपला हात समोर ताठ करून दाखवला, खांद्यापासून बोटांच्या टोकांपर्यंत. "एवढं लांब," ते म्हणाले. "मोबाइल डाव्या बाजूला ठेवायचा नाही. आणि मॅग्नेट तर आसपाससुद्धा नको. मॅग्नेट छातीपाशी आला की पेसमेकर हृदयाचं ऐकणंच बंद करतो आणि आपल्या एका ठरावीक वेगाने ठोके देत सुटतो. पुष्कळांना नुसती धडधड होते, चक्कर येते. एखाद्याला महागात पडतं."

हे ऐकताना अहल्या डॉक्टरांकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. पेशंट डॉक्टरचं ऐकायचं सोडून नवऱ्याकडे का बघतेय, हे त्या भल्या माणसाला कळलं नसावं. मला कळलं. बडोद्याच्या कारेलीबागेतल्या आमच्या त्या दोन खोल्यांत भांड्यांपेक्षा लोहचुंबक जास्त होते.

मी लक्ष्मीकांत. कोयलीच्या रिफायनरीत चौतीस वर्षं इन्स्ट्रुमेंट वर्कशॉपमध्ये काढली. दाब, तापमान, प्रवाह दाखवणारी घड्याळं दुरुस्त करायची, ती खरं बोलतात की खोटं ते तपासायचं. निवृत्त झाल्यावर माझ्या वयाची माणसं बागकाम करतात, नाहीतर सोसायटीच्या कमिटीत शिरून भांडतात. मी गिटारची पोटं उघडायला लागलो. बडोद्यात गरब्याचे ऑर्केस्ट्रा काय थोडे आहेत? प्रत्येकात निदान एक तरी इलेक्ट्रिक गिटार असते, आणि नवरात्र जवळ आली की त्या सगळ्या गिटारी एकदम आजारी पडतात. सुरुवातीला सैल झालेल्या वायरी जोडत होतो. मग पिकअप हातात आला आणि माझं डोकं फिरलं.

गिटारच्या तारांखाली एक चपटी डबी असते, तिला पिकअप म्हणतात. तिच्यात केसाहून बारीक अशा तांब्याच्या तारेची हजारो वेटोळी असतात आणि त्यांच्या खाली चुंबकाची एक पट्टी, च्युइंगगमच्या पट्टीपेक्षा जराशी जाड. वर गिटारची तार थरथरली की खाली पिकअपला ते कळतं आणि तो आवाज स्पीकरकडे पाठवतो. गंमत अशी की बाकी काही न बदलता नुसती ती पट्टी बदलली तरी गिटारचा स्वभाव बदलतो. सिरॅमिकची पट्टी असेल तर आवाज चरचरीत, वर्मी लागणारा. अल्निको नावाच्या मिश्रधातूची टाकली तर तोच आवाज गोल होतो, घसा शेकल्यासारखा. पन्नास ग्रॅमचाही ऐवज नाही, पण बदलला की माणूस स्वतःची गिटार ओळखत नाही. मला या कामाचा एवढा नाद लागला होता की अहल्या म्हणायची, "तुमच्या घरी मी सवत म्हणून आले."

तर ती दवाखान्यातून घरी आली त्याच दिवशी मी सगळे चुंबक गोळा केले. फ्रिजवरचे, टेबलाच्या खणातले, खिळ्यांच्या डब्यातले, स्पीकरमधून काढून ठेवलेले. पाद्रा गावी माझा एक जुना सहकारी असतो. त्याला बोलावून दोन पिशव्या भरून दिल्या.

"सगळे गेले?" अहल्याने विचारलं.

"सगळे."

"देवाची शपथ?"

"देवाबिवाला मी मानत नाही. तुझी शपथ."

आणि मी तिची शपथ घेतली. खोटी.

दोन चुंबक मी ठेवून घेतले होते. साधे नव्हते ते. दोन रुपयांच्या नाण्याएवढे वाटोळे, तीन नाणी एकावर एक ठेवावीत एवढे जाड, आणि ताकद अशी की एकमेकांवर आपटले तर मधलं बोट फुटावं. जुनी अल्निकोची पट्टी थकते. तिच्यातला जोर उतरतो. ती या दोघांच्या मधून एकदा सरळ ओढली की पुन्हा तरुण होते. असे चुंबक मला पुन्हा सहजी मिळाले नसते, आणि त्यांच्याशिवाय माझं काम म्हणजे नुसतं स्क्रू फिरवणं. मी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात लाकडाचा ठोकळा बसवून त्याच्या दोन टोकांना ते ठेवले होते. कुठली बाजू कुणाकडे हे चुकू नये म्हणून एक लाल कापडात बांधलेला, एक पांढऱ्या, वरून दोरा. डबा अगाशीवरच्या खोलीत रंगाच्या डब्यांमागे. आम्ही पहिल्या मजल्यावर, अगाशी तिसऱ्याच्या वर. हातभर सोडा, दोन मजले लांब. मी मनाशी म्हटलं, यात खोटं असं काय आहे? माणूस स्वतःशी फार गोड बोलतो.

नवरात्रीला आठ दिवस होते तेव्हा पद्मा आली. ती शाळेत कॉम्प्युटर शिकवते आणि नवरात्रीत एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवते. शहनाईचे तुकडे तिथे गिटारवरच वाजतात. पाठीवर गिटार आणि तोंडावर बारा वाजलेले.

"काका, माझी गिटार चावते. आमचे गायक म्हणतात, पद्माबेन, तमारी गिटार मारा अवाज पर चढी जाय छे. रविवारपर्यंत ठीक नाही केली तर माझे तुकडे की-बोर्डवाल्याला देणार."

"मी हे काम सोडलंय," मी म्हणालो. आत अहल्या भाजी निवडत होती, तिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो.

"मग बीजा कोणाकडे जाऊ? तुमच्यासारखा कान बडोद्यात कोणाला आहे, सांगा ने." तिने खिशातून कागदाची पुडी काढली. "बघा, जुन्या गिटारमधल्या अल्निकोच्या पट्ट्या पण मिळाल्या. पण जान नाही राहिली त्यांच्यात."

मी पट्टी टाचणीजवळ नेली. टाचणी जरा हलली आणि पडून राहिली. त्या मेलेल्या पट्टीत जीव घालणं मला येत होतं, आणि येतंय हे पद्माला माहीत होतं. स्तुती केली की मी विरघळतो, हेही तिला माहीत होतं. "गुरुवारी ने," मी हळू आवाजात सांगितलं आणि गिटार परस्पर वर चढवली.

मंगळवारी सकाळी अहल्या महिला मंडळाला गेली. ती साडेबाराशिवाय परतत नाही. मी वर गेलो, खोलीची कडी लावली आणि कामाला बसलो.

पिकअप उघडणं म्हणजे श्वास धरून करायचं काम. खालचे चार स्क्रू सैल करायचे, सगळे काढायचे नाहीत, नाहीतर कॉइल हलते. ती बारीक तार एकदा तुटली की पिकअप गेला. घाम टपकू नये म्हणून कपाळाला रुमाल बांधायचा. मग लाकडाच्या काडीने पट्टी हळूहळू ढकलायची. सिरॅमिकची पट्टी बाहेर आली तशी मी ती होकायंत्राजवळ धरून तिची कुठली बाजू कुठे होती ते लिहून घेतलं. नवी पट्टी उलटी बसली तर दुसऱ्या पिकअपशी तिचं जमत नाही आणि दोन्ही मिळून नाकात बोलतात. मग डबा काढला. लाल आणि पांढरा समोरासमोर बसवले, आणि त्या दोन मेलेल्या पट्ट्या एकेक करून मधून ओढल्या. न थांबता, एका दमात. नंतर टाचणीजवळ नेली तर टाचणी उडी मारून चिकटली. माझं वय सदुसष्ट, पण खरं सांगतो, त्या वेळी मी टाळी वाजवली.

पट्ट्या बसल्या. स्क्रू आवळले. आता आवरायचं. ते दोघे एका वेळी हातात घ्यायचे नाहीत, हा माझा नियम. पांढरा डब्यात ठेवला. लाल दुसऱ्या टोकाला ठेवण्याआधी डब्यातला ठोकळा नीट करायचा होता, म्हणून तो सदऱ्याच्या खिशात टाकला. तेवढ्यात खालून हाक आली.

"अहो! वर आहात का?"

अहल्या. साडेदहालाच. जिने चढायचे नाहीत असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं आणि तिची पावलं जिन्यावर वाजत होती. मी डबा रंगांमागे ढकलला आणि धावत सुटलो. दुसऱ्या मजल्यावर तिला गाठलं, तिच्या दंडाला धरलं, रागावलो, सावकाश खाली आणलं. व्याख्यान देणाऱ्या बाई आल्या नव्हत्या म्हणून मंडळ लवकर सुटलं होतं. "वर काय करत होता?" तिने विचारलं. "टाकी बघत होतो," मी म्हणालो. पकडला गेलो नाही याचा मला इतका आनंद झाला की बाकी सगळं विसरलो. घामाने चिंब झालेला सदरा न्हाणीघरात खुंटीला टांगला आणि दुपारी निवांत जेवलो.

बुधवारी दुपारी जेवण झाल्यावर अहल्या वेताच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "जरा धडधडतंय हो."

"दमली असशील."

"कालपासून आहे. संध्याकाळपासून. म्हटलं जाईल."

मी तिचं मनगट धरलं आणि घड्याळ बघत मोजलं. शहाण्णव. अर्धा तास तिला आडवं केलं. शहाण्णव. चहा दिला, थोडं चालवलं, पुन्हा मोजलं. शहाण्णव. बसली तरी तेवढेच, उठली तरी तेवढेच, एक ठोका इकडे नाही की तिकडे नाही.

कोयलीत मी चौतीस वर्षं काटे बघितले होते. जिवंत पाइपातला काटा कधी स्तब्ध नसतो. थोडा का होईना, थरथरतो. जो काटा जागचा हलत नाही तो पाइपातलं सांगत नसतो, तो अडकलेला असतो, आणि अशा काट्यावर विसंबून वॉल्व्ह उघडला तर माणसं मरतात. आता तसा काटा माझ्या बोटांखाली होता, माझ्या बायकोच्या मनगटात. डॉक्टरांचं वाक्य आठवलं. हृदयाचं ऐकणंच बंद करतो.

मी गॅलरीत जाऊन दवाखान्यात फोन लावला. तिथल्या टेक्निशियनने सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "काका, जवळ कुठे मॅग्नेट नथी ने?"

अहल्या दारात उभी होती. तिच्या आणि माझ्यामध्ये जेमतेम दोन पावलं. मी म्हणालो, "नाही."

"बस तो उद्या सवारे घेऊन आवो. चक्कर आली तर तुरंत या, वाट नका बघू."

मी फोन ठेवला. एकदा तिची शपथ घेऊन खोटं बोललो होतो आणि आता तिच्या जिवाबद्दल खोटं बोललो. मी देवाला मानत नाही. शपथेने माणूस मरत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी त्या क्षणी मला वाटलं, शपथ लागली.

टाकीचं निमित्त करून मी वर गेलो. प्रत्येक जिन्यावर स्वतःला समजावत होतो की डब्यात दोघेही असतील, लाल आणि पांढरा, ठोकळ्याच्या दोन टोकांना, शहाण्यासारखे. डबा उघडला. पांढरा होता. दुसरं टोक रिकामं होतं.

मग सदरा आठवला.

खाली कसा उतरलो ते आठवत नाही. सदरा गॅलरीत दोरीवर वाळत होता, खिसा चपटा. आमच्या घरात एक कायदा आहे, लग्नापासूनचा. धुवायच्या कपड्यांच्या खिशात जे सापडेल ते धुणाऱ्याचं. त्यावर मी ब्र काढायचा नाही आणि तिनेही विचारायचं नाही. किती वर्षं माझी सुटी नाणी, बसची तिकिटं, पेनांची टोपणं तशी गेली. म्हणजे तिला सापडला असेल तर तिने कुठेतरी ठेवला होता. पण कुठे? आणि विचारायचं कोणत्या तोंडाने? 'अगं, खिशात एक चुंबक होता' असं म्हणायचं म्हणजे शपथ खोटी होती असं म्हणायचं. मला वाटलं, आधी शोधू, गुपचूप उचलू, लांब नेऊन टाकू, मग काही सांगायलाच नको. बायकोचं हृदय अडकलेल्या काट्यासारखं चाललं होतं आणि मी आपली अब्रू वाचवत होतो. आज लिहिताना लाज वाटते. तेव्हा लाज वाटायला सवड नव्हती, नुसती भीती होती.

मी ड्रॉवरमधून होकायंत्र काढलं. जवळ जोरदार चुंबक असेल तर सुई उत्तर सोडून त्याच्याकडे वळते. ते तळहातावर धरून मी घरभर फिरलो. न्हाणीघर, बादल्या, मोरीचं तोंड. सुई शांत. कपाटातल्या तिच्या साड्या. शांत. लोखंडी कपाटाजवळ जराशी वळली, पण ते नुसतं कपाट होतं. उशांखाली, डाळींच्या डब्यांत, देव्हाऱ्यात, तिच्या पर्समध्ये. कुठेच नाही. मग तो गेला कुठे?

अहल्या खुर्चीतून बघत होती. चेहरा उतरलेला, ओठ कोरडे, पण ती हसली.

"वास्तू बघताय की काय? तुम्ही?"

"असंच," मी म्हणालो.

"बघा हो. चांगलंच आहे." तिच्या डोळ्यांत काहीतरी मऊ होतं. मला त्याचा अर्थ लागला नाही. उलट रागच आला. माझा इथे जीव जातोय आणि हिला कौतुक सुचतंय.

शेवटी जेवणाच्या टेबलापाशी बसलो. होकायंत्र टेबलावर ठेवलं आणि डोकं धरलं. मनात हिशेब चालला होता की आता तिला सांगायचंच. सांगायचं आणि रिक्षा बोलवायची. उद्या सकाळची वाट बघायची नाही.

"पाणी घ्या," अहल्या म्हणाली. ती स्वयंपाकघरातून पेला घेऊन येत होती. माझी नजर टेबलावर होती. सुई उत्तरेला होती, आमच्या खिडकीकडे. अहल्या एक पाऊल जवळ आली, सुई हलली. दुसरं पाऊल, सुईने खिडकी सोडली. पेला ठेवायला ती वाकली आणि सुई गर्रकन फिरून तिच्याकडे वळली. सरळ तिच्या छातीकडे. तिथेच थांबली. जराही थरथरत नव्हती.

मी ओरडलो.

"काढ!"

ती दचकली. पेला सांडला. "काय झालं?"

"छातीपाशी काय ठेवलंयस? काढ ते! आत्ताच्या आत्ता काढ!"

"अहो, ओरडता काय असे..." तिने पदर सावरला. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी ती नव्या नवरीसारखी गोरीमोरी झाली. मग मान वळवून तिने ब्लाउजमध्ये हात घातला, डाव्या बाजूला, टाक्यांच्या व्रणाच्या बोटभर खाली, आणि बाहेर काढलं. लाल कापड. वरून दोरा.

मी ते हिसकावलं आणि गॅलरीकडे धावलो. जेवढा जोर होता तेवढा लावून खाली फेकलं. खण्ण करून ते पार्किंगमधल्या पाण्याच्या लोखंडी पाइपला जाऊन चिकटलं आणि लाल गाठ तिथे लोंबकळत राहिली. मी परत फिरलो, तिला खुर्चीत बसवलं आणि मनगट धरलं. आधी नाडी सापडेना. सापडली. मोजली. चौऱ्याऐंशी. पुन्हा मोजली. एकोणऐंशी. मग त्र्याहत्तर, मग जराशी वर. काटा हलत होता. मी तिच्या गुडघ्यांपाशी खाली बसलो आणि रडलो. लग्नात रडलो नव्हतो, आई गेली तेव्हा रडलो नव्हतो.

ती माझ्या डोक्यावर हात ठेवून बसली होती. मग म्हणाली, "का फेकलंत? मी नीट जपलं होतं."

"कुठे सापडलं तुला?"

"काल संध्याकाळी धुणं भिजवताना. तुमच्या खिशात. लाल कापड, दोरा बांधलेला. म्हटलं, कुठूनतरी माझ्यासाठी ताईतासारखं काही आणलंत. तुम्ही कशाला मानत नाही, मग सांगायला लाजत असाल. म्हणून विचारलं नाही. हातपाय धुतले, देवापुढे ठेवलं आणि इथे ठेवलं. यंत्राच्या जवळच असावं म्हटलं." ती थांबली. "धडधडायला लागलं तेव्हा वाटलं, हे आहे जवळ, काही होणार नाही."

त्या घटकेला एक फार सोपी वाट समोर होती. 'हो, तुझ्यासाठीच आणलं होतं, पण त्यात काहीतरी धातूचं असेल, म्हणून घाबरलो.' एवढं म्हटलं असतं तर तिने मानलं असतं. तिने माझं सगळंच मानलं होतं. वाक्य जिभेवर आलं होतं. पण उद्या दवाखान्यात विचारणार होते, आणि मला माझ्या जिभेची भीती वाटायला लागली होती.

"तो मॅग्नेट होता," मी म्हणालो.

तिचा हात माझ्या डोक्यावरून निघाला.

"सगळे गेले म्हणाला होतात."

"दोन ठेवले होते. वर."

"माझी शपथ घेतली होती."

"हो."

खालच्या मजल्यावर कुणीतरी कुकर लावला होता. तीन शिट्ट्या झाल्या. मी वाट बघत होतो की ती ओरडेल. मरता मरता वाचले म्हणेल, मुलाला पुण्याला फोन लावते म्हणेल. मी त्याला तयार होतो.

"म्हणजे माझ्यासाठी काही आणलं नव्हतं," ती म्हणाली.

"नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि सांडलेलं पाणी पुसायला फडकं आणायला उठली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मी सगळं खरं सांगितलं. त्यांनी यंत्र तपासलं. ठीक होतं. टेक्निशियनने ते माझ्यासमोरच फाइलमध्ये लिहून घेतलं, तेच जास्त लागलं. संध्याकाळी पद्मा गिटार न्यायला आली. बाहेरच्या खोलीत छोट्या स्पीकरला लावून तिने एक तुकडा वाजवला. आवाज अगदी मला हवा तसा झाला होता, भरलेला, कुणावर चढून न जाणारा. पद्मा नाचायचीच बाकी होती. "काका, तुम्ही जादूगार छो!" अहल्या स्वयंपाकघरात होती. एरवी गिटार वाजली की दारात येऊन उभी राहायची. त्या दिवशी आली नाही.

पाइपाला चिकटलेला चुंबक मी वॉचमनकडून पान्हा मागून ओढून काढला आणि तो, पांढऱ्या कापडातला आणि तो डबा, सगळं पद्माबरोबर पाठवून दिलं. "आता खरंच संपलं," मी तिला म्हणालो. तिला वाटलं मी गंमत करतोय.

होकायंत्र मात्र गेलं नाही. ते अहल्याने मागून घेतलं. आता ते तिच्या खुर्चीशेजारी लाकडी स्टुलावर असतं, चष्म्याच्या घराशेजारी. ती माझ्याशी भांडत नाही. चहा देते, वर्तमानपत्रातल्या बातम्या सांगते, मुलाचा फोन आला की स्पीकरवर टाकते. गॅस बंद केलाय म्हणून मी सांगितलं की हो म्हणते, आणि मग उठून स्वतः बघून येते. मी तिच्याशेजारी बसायला गेलो की आधी सुईकडे बघते. मी खिसे उलटे करून दाखवतो. ती खिशांकडे बघत नाही.

परवा संध्याकाळी मी तिच्या औषधाची गोळी घेऊन गेलो. जवळ गेल्यावर वाकलो, आणि स्टुलावरची सुई हलली. अहल्या झटकन मागे सरकली आणि तिने हात समोर ताठ केला, खांद्यापासून बोटांच्या टोकांपर्यंत. तिची बोटं माझ्या सदऱ्याला टेकली होती आणि थरथरत होती.

"अगं, मोबाइल आहे," मी म्हणालो. "वरच्या खिशात राहिला. मोबाइलच आहे."

तिने हात खाली घेतला नाही.

"दाखवा," ती म्हणाली.